नौकेवरचें गाणेंबजावणें

इ. स. १७१७ च्या जुलै महिन्यांत, १७ तारखेच्या सायंकाळीं, इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज हा लंडन येथील व्हाइटहॉलच्या घाटावर नावेंत बसून टेम्स नदीनें चेल्सीकडे निघाला. त्याच्या नावेच्या जवळून दुसरी एक नाव चालली होती व तींत सुमारें पन्नास वादक बसले होते. तुताऱ्या, शिंगें, बासऱ्या, व्हायोलिनें, सनईच्या जातीचीं वाद्यें, असा सर्व सरंजाम तींत होता. त्यांनीं वाजविलेलें संगीत हॅन्डेल या संगीतकारानें रचिलेलें होतें, आणि राजाला तें इतकें आवडलें कीं, जाऊन येईपर्यंत त्यानें तें तीन वेळां वाजवून घेतलें. वादकांच्या दमाचा विचार करण्याची राजेलोकांस संवय नसते. पाश्चात्य संगीताच्या इतिहासांत ही हकीकत प्रसिद्ध आहे. परंतु तींतील पन्नास या आंकड्यापाशीं सहसा कोणी थांबत नाहीं. बंद दालनांत याहून पुष्कळ कमी माणसांत काम भागतें. मोकळ्या नदीवर सूर टिकवावयाचा तर माणसें अधिक लागतात, आणि याचें कारण पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांतच सांपडतें. आज जो कोणी आपल्या सहलीच्या नौकेवर जुनें संगीतयंत्र काढून नवें बसवूं पाहतो, त्याच्यापुढें हीच अडचण उभी राहते. फरक इतकाच कीं, पन्नास वादकांऐवजीं त्याच्यापाशीं बारा व्होल्टची एक बॅटरी असते.

मधल्या काळांत वादकांची जागा यंत्रांनीं घेतली. १९१४ सालीं इंग्लंडांत डेक्का या नांवाचा, पेटीसारखा हातांत धरून नेतां येईल असा ग्रामोफोन निघाला. पहिल्या महायुद्धांत तो सैनिकांबरोबर खंदकांत गेला, आणि युद्ध संपल्यावर त्या जातीचे ग्रामोफोन टेम्सवरील सहलीच्या होड्यांत दिसूं लागले. १९५४ सालीं अमेरिकेंत खिशांत मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ आला, १९६३ मध्यें फिलिप्स कंपनीची कॅसेट आली, १९८२ मध्यें सीडी आली. यांपैकीं सीडीचें आणि नौकेचें कधींच जमलें नाहीं. लाट तळावर आपटली कीं आंतील किरणाची वाट चुके आणि गाणें उडी मारून पुढें जाई. हल्लीं खिशांतील फोनवरूनच बिनतारी मार्गानें गाणें यंत्राकडे जातें, त्यामुळें यंत्रांत फिरणारा असा कोणताच भाग उरलेला नाहीं. नौकेच्या दृष्टीनें ही सुधारणा आवाजाच्या गोडीहूनहि मोलाची आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोंदलेल्या सहलीच्या नौकांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. फ्लॉरिडाचा खारा किनारा असो, मिनेसोटा व मिशिगन येथील गोड्या पाण्याचीं सरोवरें असोत, उन्हाळ्याच्या रविवारीं सबंध कुटुंबें नौका घेऊन बाहेर पडतात. या नौका म्हणजे कांहीं कोट्यधीशांचे तरंगते महाल नव्हेत. पुष्कळशा वीस-बावीस फुटांच्या, एकदोनदां हात बदललेल्या, बऱ्याच जुन्या अशा असतात. अशा एखाद्या नौकेच्या मालकास पहिल्या धन्यानें बसविलेलें संगीतयंत्र वारशानें मिळतें. त्याची जाळी उन्हानें पिंवळी पडलेली असते, एक बटण अडकलेलें असतें, आणि चार ध्वनिक्षेपकांपैकीं दोन मौनव्रत घेऊन बसलेले असतात. नवें बसवावें ही इच्छा अगदीं स्वाभाविक आहे. मात्र मोटारींत बसविण्याचें स्वस्त यंत्र आणून तें नौकेंत ठोकावें, हा मोह आवरला पाहिजे. मोटारीस छप्पर असतें, काचा असतात, आणि ती मिठाच्या तुषारांत उभी नसते.

समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम मीठ असतें. तुषार सुकला म्हणजे पाणी उडून जातें, मीठ जागेवर राहतें, आणि तें मीठ हवेंतील ओलावा ओढून घेऊन रात्रीं पुन्हां ओलें होतें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतील मिठाची बरणी काय करते हें ज्या गृहिणीनें पाहिलें आहे, तिला नौकेवरील रेडिओची दशा निराळी समजावून सांगावयास नको. ओलें मीठ विजेचें वाहक असतें. तें जोडांत शिरलें कीं धातु खाऊं लागतें. मोटारीसाठीं केलेल्या ध्वनिक्षेपकाचा शंकू पुष्कळदां कागदाचा आणि त्याची लवचीक किनार फोमची असते. कागद ओलाव्यानें फुगतो व फोम उन्हानें भुगा होऊन गळतो. नौकेसाठीं मुद्दाम केलेल्या ध्वनिक्षेपकांत शंकू पॉलिप्रॉपिलीनचा, किनार रबराची, आणि स्क्रू ३१६ जातीच्या गंजरोधक पोलादाचे असतात. जाळीच्या प्लास्टिकमध्यें उन्हास तोंड देणारीं द्रव्यें मिसळलेलीं असतात.

परंतु विकणाऱ्याच्या शब्दावर हें सारें मानून चालूं नये. 'मरीन' हा शब्द पेटीवर कोणीहि छापूं शकतो. आंकडा छापतांना मात्र थोडा विचार करावा लागतो. म्हणून आंकडा पाहावा. आयपी या दोन अक्षरांपुढें दोन आंकडे दिलेले असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ असला तर धूळ मुळींच आंत शिरत नाहीं. दुसरा ५ असला तर पाण्याचा झोत, ६ असला तर जोराचा झोत सोसतो, आणि ७ असला तर वस्तु एक मीटर खोल पाण्यांत अर्धा तास बुडून राहिली तरी निभावते. यांतहि एक मेख आहे. कित्येक यंत्रांचा हा आंकडा केवळ दर्शनी बाजूपुरता असतो; पाठीमागील बाजू उघडीच असते, आणि नौकेंत पाणी पाठीमागूनहि येतें. शिवाय ही परीक्षा गोड्या पाण्याची आहे. मिठासाठीं वेगळी परीक्षा असते, तींत वस्तु मिठाच्या धुक्यानें भरलेल्या पेटींत कित्येक तास ठेवतात. दोन्ही परीक्षांचा उल्लेख असेल तोच माल समुद्रासाठीं घ्यावा. सरोवरावर नौका चालविणाऱ्यास पहिलीवर भागवितां येईल.

आतां त्या पन्नास वादकांकडे वळूं. घरांतील दिवाणखान्यांत ध्वनिक्षेपकांतून निघालेला आवाज भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर आपटून पुन्हां आपल्याकडे येतो; आपल्या कानीं पडणाऱ्या आवाजाचा मोठा भाग असा परतलेला असतो. नौकेवर भिंती नाहींत. जो आवाज कानाजवळून निघून गेला तो गेला. अशा मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सहा डेसिबलांनीं उतरतो. एक मीटरवरचा ध्वनिक्षेपक चार मीटरांवर गेला, तर बारा डेसिबल गेले. हे बारा डेसिबल परत मिळवावयाचे तर वीज सोळापट खर्चावी लागते, कारण प्रत्येक तीन डेसिबलांस शक्ति दुप्पट करावी लागते. दुपटीच्या या हिशेबाचा विसर पडल्यामुळेंच लोक भलें मोठें ध्वनिवर्धक विकत घेतात आणि मग हिरमुसतात. पन्नास वॅटांचें शंभर वॅट केल्यानें आवाज दुप्पट मोठा वाटत नाहीं, जेमतेम थोडासा वाढल्यासारखा वाटतो. तो कानास दुप्पट वाटावा यासाठीं शक्ति सुमारें दसपट करावी लागते. उलट, एका वॅटावर ८८ डेसिबल देणाऱ्या ध्वनिक्षेपकाऐवजीं ९१ डेसिबल देणारा निवडला, तर ध्वनिवर्धक न बदलतां तो दुप्पट केल्याचें फळ मिळतें. ही गोष्ट पेटीच्या मागल्या बाजूस बारीक अक्षरांत असते. पुढल्या बाजूस ठळक अक्षरांत छापलेले वॅट हे बहुधा क्षणभरच सोसतां येणारे असतात. अखंड सोसतील असे वॅट वेगळे, आणि तेच विचारून घ्यावे.

यावरून निघणारा शहाणपणाचा मार्ग असा कीं, एक मोठा कंठ विकत घेण्यापेक्षां चार-सहा लहान कंठ माणसांच्या जवळ बसवावे. बैठकीच्या बाजूस, कानांपासून हातभर अंतरावर ध्वनिक्षेपक असला तर त्याला ओरडावें लागत नाहीं. स्टीरिओची खरी कल्पना, म्हणजे दोन कानांना दोन वेगळ्या वाटांनीं आवाज देऊन गायक समोर बसल्याचा भास निर्माण करणें, ही ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालीं पेटंटासाठीं नोंदविली. ती ऐकणारा दोन ध्वनिक्षेपकांच्या बरोबर मध्यें बसला आहे असें धरून चालते. नौकेवर असा भाग्यवान मनुष्य एकादाच, आणि तो बहुधा सुकाणूवर असल्यामुळें त्याचें लक्ष गाण्याकडे नसतें. यास्तव नौकेवर स्टीरिओच्या सूक्ष्मतेचा फार आग्रह धरूं नये. प्रत्येक विभागास आवाज कमीअधिक करण्याची वेगळी सोय असावी, हें अधिक उपयोगाचें. मागें बसलेल्या मुलांना गाणें हवें असतें, पुढें पहुडलेल्या आजीबाईंना नको असतें, आणि दोघांचेंहि समाधान एकाच बटणानें होत नाहीं.

खर्ज स्वराची अडचण याहून खोल आहे. ध्वनिक्षेपकाचा पडदा पुढें सरकला कीं समोरची हवा दाबली जाते व मागची विरळ होते. पुढचा आणि मागचा असे दोन आवाज परस्परविरुद्ध असतात. ते एकमेकांस भेटले कीं एकमेकांस खाऊन टाकतात. उंच स्वराची लहर आंखूड असल्यानें त्याचें फारसें बिघडत नाहीं. पण सेकंदास पन्नास आंदोलनांच्या खर्जाची लहर जवळजवळ सात मीटर लांब असते, ती ध्वनिक्षेपकाला सहज वळसा घालते. म्हणून मागचा आवाज बंद पेटींत कोंडावा लागतो. जुन्या नौकांत ध्वनिक्षेपक नुसत्या भोंकांत बसविलेले असतात व मागें नौकेची सबंध पोकळी उघडी असते. नवें महागडें यंत्र आणूनहि 'पूर्वींसारखेंच पिचकें वाजतें' अशी तक्रार होते तिचें मूळ पुष्कळदां येथें असतें. मागें लहानशी बंद पेटी करून दिली, तर जुना ध्वनिक्षेपकहि भारदस्त बोलूं लागतो, आणि पैसे वांचतात. दुकानदार हें आपण होऊन सांगत नाहीं.

तारांचें प्रकरण कंटाळवाणें वाटतें, पण खरी विद्या तेथेंच आहे. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यांत ताक कळकतें हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. नौकेवर उघड्या तांब्याच्या तारेचें तसेंच होतें. खारट ओलावा तिच्या पेडांतून केशाकर्षणानें आंत चढतो आणि हातभर आंतपर्यंत तांबें हिरवें-काळें करून टाकतो. म्हणून नौकेसाठीं प्रत्येक धाग्यास कल्हई केलेली तांब्याची तार मिळते, तीच वापरावी. जोड नुसत्या डाखावर सोडूं नयेत. डाख जेथें संपतो तेथें तार ताठ असते व इंजिनाच्या थरथरीनें नेमकी तेथेंच तुटते. तारेवर धातूची टोपी दाबून आवळावी व तिच्यावर आंतून डिंक असलेली, उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. यंत्रापाशीं पोहोंचण्यापूर्वीं तारेला खालीं थोडा झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी त्या झोळाच्या तळाशीं ठिबकून जाईल, यंत्रांत जाणार नाहीं.

तारेची जाडी हा ओहमच्या नियमाचा प्रश्न आहे. समजा, बॅटरी मागें आहे, ध्वनिवर्धक पुढें आहे, आणि जाण्यायेण्याची मिळून तार नऊ मीटर आहे. वीस अँपियर प्रवाह अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेंतून नेला, तर वाटेंतच सव्वा व्होल्ट खर्च होतो. बारांतील सव्वा, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक कर. तीच तार दहा चौरस मिलिमीटरांची घेतली तर नुकसान तीन-दशांश व्होल्टांवर येतें. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था १९५४ पासून अशा गोष्टींचे दंडक ठरवीत आली आहे. महत्त्वाच्या मंडलांत ही घट तीन टक्क्यांच्या आंत असावी, असा तिचा दंडक आहे. बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर सर्वसाधारणपणें सात इंचांच्या आंत फ्यूज असावा, असाहि आहे. फ्यूज हा यंत्राच्या रक्षणासाठीं असतो अशी समजूत सर्वत्र आढळते. तो तारेच्या रक्षणासाठीं असतो. तार फ्यूजच्या अलीकडेच घासून उघडी पडली, तर बॅटरींतील सर्व शक्ति त्या ठिकाणीं लोटते आणि नौकेस आग लागते; पाण्याच्या मधोमध असूनहि अशी आग विझविणें सोपें नसतें.

येथेंच पेट्रोलचाहि विचार केला पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते, ती नौकेच्या तळाशीं सांचते व दिसत नाहीं. पेट्रोलचें इंजिन किंवा टाकी असलेल्या कप्प्यांत ठिणगी बाहेर पडूं न देणारींच विद्युत्साधनें बसवावीं, असा अमेरिकेंत सरकारी कायदा आहे. संगीताचें ध्वनिवर्धक तसें बनविलेलें नसतें. तें त्या कप्प्यांत जागा मोकळी दिसते म्हणून बसविणें, हा शुद्ध अविचार होय. त्याची जागा कोरड्या, वारा खेळणाऱ्या कपाटांत, आणि तळापासून उंच.

आतां बॅटरीचा हिशेब. कारण गाणें ऐकून झाल्यावर घरीं परतावयाचें असतें, आणि इंजिन सुरू करणारी वीजहि तेथूनच येते. शंभर अँपियर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तर तिचें आयुष्य राखावयाचें असल्यास तिच्यांतील निम्मी वीजच वापरावी. म्हणजे हातीं पन्नास राहिले. समजा ध्वनिवर्धक चारशें वॅटांचें आहे. संगीतांत विराम असतात, हळुवार जागा असतात, त्यामुळें माफक आवाजांत त्याचें सरासरी काम कमाल शक्तीच्या आठव्या हिश्शाइतकें धरतात. तेवढ्याला पांच-सहा अँपियर लागतात व पन्नास अँपियर-तास आठ तास पुरतात. आवाज चढविला, सरासरी तिसऱ्या हिश्शावर गेली, कीं चौदा अँपियर जाऊं लागतात आणि तीच शिदोरी साडेतीन तासांत संपते. दिवे, शीतपेटी आणि पाणी उपसण्याचा पंप यांचा वाटा अजून धरलाच नाहीं. भरलेल्या बॅटरीचें दाबमान स्थिर असतां सुमारें १२.७ व्होल्ट असतें, तें १२.१ वर आलें म्हणजे निम्मी संपली समजावें. गाण्याच्या आवाजावरून मात्र हें मुळींच कळत नाहीं. गाणें शेवटपर्यंत छान वाजत राहतें, आणि संध्याकाळीं किल्ली फिरविली कीं इंजिन एकदां खोकतें व गप्प बसतें. ज्या नौकेस वल्हीं नाहींत आणि वारा किनाऱ्याकडून वाहतो आहे, तिच्यावरील मुलाबाळांच्या दृष्टीनें ही थट्टेची गोष्ट नव्हे.

उपाय साधा आहे. इंजिनासाठीं एक बॅटरी आणि घरगुती वापरासाठीं दुसरी, अशा दोन बॅटऱ्या ठेवाव्या. त्यांच्यामध्यें असा स्वयंचलित दुवा बसवावा कीं, इंजिन चालूं असतां दोन्ही भराव्यात आणि बंद झाल्यावर एकमेकींपासून सुटाव्यात. संगीतयंत्र बंद असतांनाहि त्याची आठवण जागी ठेवण्यासाठीं त्यांतून बारीकसा प्रवाह वाहत असतो. आठवडे न् आठवडे धक्क्यास बांधलेल्या नौकेची बॅटरी तोच चोर रिकामी करतो. त्यासाठीं मुख्य खटका असावा, व जातांना तो बंद करावा. ध्वनिवर्धक घेतांना 'डी' वर्गाचें घ्यावें. जुन्या जातीचें ध्वनिवर्धक घेतलेल्या विजेपैकीं निम्मी किंवा त्याच्या जवळपास उष्णतेंत घालवी. 'डी' वर्गाचें ऐंशी टक्क्यांहून अधिक कामास लावतें.

कांहीं लोक याहून सोपा वाटणारा मार्ग काढतात. नौका नांगरून, इंजिन तसेंच हळू चालूं ठेवून गाणें लावतात आणि मंडळी मागल्या फळीवरून पाण्यांत उतरतात. हा मार्ग प्राणघातक आहे. इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. आणि नौका उभी असतां तो मागल्या बाजूसच रेंगाळतो. यूटा आणि ॲरिझोना या संस्थानांच्या सीमेवर लेक पॉवेल नांवाचें प्रचंड कृत्रिम सरोवर आहे. २००० सालच्या ऑगस्ट महिन्यांत तेथें एका हाऊसबोटीच्या मागें पोहणारे दोन लहान भाऊ या वायूनें दगावले. नौकेवर वीज करणारें जनित्र चालूं होतें व त्याचा धूर मागल्या फळीखालच्या पोकळींत सांचला होता. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या आरोग्यशास्त्रज्ञांनीं तेथें जाऊन हवेचीं मोजमापें केलीं, पूर्वींच्या अपघातांचे कागद तपासले, आणि बुडून मेले असें ज्यांच्याविषयीं समजलें जात होतें त्यांपैकीं कांहीं प्रत्यक्षांत या वायूचे बळी होते, असें दिसून आलें. तें जनित्र कशासाठीं चालूं होतें हा येथें प्रश्न नाहीं. बॅटरी भरावी म्हणून चालविलेलें इंजिन तोच धूर सोडतें. माणसें पाण्यांत असतांना इंजिन बंद असलें पाहिजे, आणि त्या वेळीं गाणें फक्त बॅटरीवर जितका वेळ चालेल तितकाच वेळ चाललें पाहिजे.

नौका धांवूं लागली म्हणजे आणखी एक पेंच येतो. इंजिन, वारा आणि तळावर आपटणारें पाणी यांचा मिळून आवाज ऐंशी ते नव्वद डेसिबलांपर्यंत सहज जातो. गाणें ऐकूं यावयाचें तर तें याहून मोठें लावावें लागतें. अमेरिकेंतील आरोग्यशास्त्रज्ञांचा दंडक असा कीं, ८५ डेसिबल आठ तास सोसावे, आणि पुढें प्रत्येक तीन डेसिबलांस वेळ निम्मा करावा. म्हणजे ९४ वर एक तास, शंभरावर पंधरा मिनिटें. कानांचें हें नुकसान भरून येणारें नसतें. पण कान शाबूत राहिले तरी प्रश्न सुटत नाहीं. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं ठरलेल्या व १९७७ पासून अमलांत असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत पांचवा नियम पहाऱ्याचा आहे. प्रत्येक जहाजानें सदैव डोळ्यांनीं आणि कानांनीं योग्य पहारा ठेवावा, असें तो सांगतो. सहलीच्या नौकेस त्यांतून सूट नाहीं. कान हें येथें कायद्यानें सांगितलेलें साधन आहे, ही गोष्ट मोटार चालविणाऱ्यांच्या ध्यानीं लवकर येत नाहीं. धुक्यांत चालणारी यांत्रिक नौका दोन मिनिटांच्या आंत एकदां चार ते सहा सेकंदांचा लांब भोंगा देते. तो भोंगा, पाण्यांत पडलेल्याची हांक, आणि व्हीएचएफ रेडिओच्या सोळाव्या मार्गावर येणारी संकटाची सूचना, या तिन्ही गोष्टी सुकाणूवरील माणसास ऐकूं आल्या पाहिजेत. म्हणून सुकाणूजवळचा ध्वनिक्षेपक वेगळ्या खटक्यावर असावा, आणि प्रवासांत तो बंद असावा. तसेंच कांहीं ध्वनिवर्धकें आणि दिवे चालूं असतां व्हीएचएफमध्यें खरखर येते. यंत्र बसविल्यावर ती येते कीं काय हें तपासून पाहावें.

अलीकडे संगीत आणि नौकानयन यांचीं यंत्रें एकाच घरांत नांदूं लागलीं आहेत. नौकेचा मार्ग दाखविणारीं उपकरणें करणाऱ्या गार्मिन कंपनीनें २०१४ सालीं न्यूझीलंडमधील फ्यूजन ही नौकासंगीताची कंपनी विकत घेतली, व २०२३ सालीं अमेरिकेंतील जे. एल. ऑडिओ घेतली. त्यामुळें ज्या पडद्यावर नकाशा व खोली दिसते, त्याच पडद्यावर गाणेंहि बदलतां येतें. सोय मोठी आहे. मात्र उथळ पाण्यांतून जातांना पडद्यावर खोली दिसत असावी, गाण्यांची यादी नव्हे.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांचाहि या प्रकरणांत एक पक्ष आहे. दिवसभर तापलेली हवा आणि खालीं थंड पाणी, अशी स्थिति संध्याकाळीं असली म्हणजे पाण्यालगतची हवा गार व वरची उबदार होते. आवाज उबदार हवेंत वेगानें जातो. शून्य अंशावर सेकंदास ३३१ मीटर, आणि पुढें दर अंशास सुमारें ०.६ मीटर अधिक. कवाईत करणाऱ्या मुलांच्या रांगेंत एका टोकाचीं मुलें भराभर व दुसऱ्या टोकाचीं सावकाश चालूं लागलीं, तर सबंध रांग सावकाश चालणाऱ्यांकडे वळते. आवाजाची लाटहि तशीच खालीं, पाण्याकडे वांकते, आकाशांत निघून जात नाहीं. त्यांत शांत पाणी आरशासारखें आवाज परतवितें. परिणामीं मैलभर दूरच्या ओसरीवर बसलेल्या माणसास गाण्याचे शब्दसुद्धां ऐकूं येतात, आणि नौकेवरील मंडळींना वाटत असतें कीं आपण पाण्याच्या मधोमध अगदीं एकटे आहोंत. अमेरिकेंत फळीवर उभें राहून नौकेमागें घसरत जाण्याचा खेळ आहे. त्या खेळाडूस वीस-पंचवीस मीटरांवर गाणें ऐकूं यावें म्हणून नौकेवर उंच कमान उभारून तीवर मागें तोंड केलेले कर्णे लावतात. सरोवराकांठच्या पुष्कळशा भांडणांचें मूळ त्या कमानींत आहे, आणि कित्येक ठिकाणीं त्यापायीं आवाजाचे नियम करावे लागले आहेत. पणजीस मांडवी नदीच्या कांठीं संध्याकाळीं उभें राहून सहलीच्या नौकांवरील वाद्यमेळ ज्यांनीं ऐकला आहे, त्यांना पाण्यावरून आवाज कसा येतो हें अनुभवानें ठाऊक आहे. आपल्याकडे २००० सालच्या नियमांनीं रात्रीं दहा ते सकाळीं सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. नदी अथवा खाडी उघड्यावरच असते.

यंत्र बसविण्याच्या शेवटच्या भागांत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती होकायंत्राची. प्रत्येक ध्वनिक्षेपकाच्या पोटांत लोहचुंबक असतो, आणि तो वीज असो नसो, आपलें काम करीतच असतो. सुकाणूशेजारीं, बैठकीच्या सुबक कोपऱ्यांत, होकायंत्रापासून वीतभर अंतरावर तो बसविला, तर सुई कित्येक अंश बाजूस ओढली जाते. उपग्रहाच्या आधारानें मार्ग दाखविणारीं यंत्रें चालूं आहेत तोंवर हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. तीं बंद पडावयाचीं तीं नेमकीं बॅटरी संपली म्हणजे, आणि त्या वेळीं हातीं होकायंत्रच उरतें. चुंबकाचा प्रभाव अंतराबरोबर फार झपाट्यानें ओसरतो. अंतर दुप्पट केलें कीं तो सुमारें आठव्या हिश्शावर येतो. त्यामुळें थोडें सरकविल्यानें पुष्कळ साधतें. ध्वनिवर्धकाकडे जाणाऱ्या दोन तारा होकायंत्राजवळून न्याव्या लागल्या, तर त्या एकमेकींभोंवतीं पिळून न्याव्यात, म्हणजे त्यांचा चुंबकीय परिणाम परस्पर नाहींसा होतो. आणि नौकेच्या अंगास भोंक पाडण्यापूर्वीं ध्वनिक्षेपक नुसता हातांत धरून ठरलेल्या जागीं न्यावा व सुईकडे पाहावें. नौकेचें तोंड चारहि दिशांस करून हें चार वेळां पाहावें. सुई हलली तर जागा बदलावी. पाडलेलें भोंक बुजवून, राळेनें सांधून, घासून, रंगाशीं रंग मिळविणारा कारागीर ध्वनिक्षेपकाच्या किंमतीहून अधिक पैसे घेतो.